लिंकवाले जावई

नातेवाइकांना काही विकायचं नाही, असा नियम असलेला धंदा मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. विम्याचे एजंट व्हा, पतपेढीच्या ठेवी गोळा करा, साखळीतल्या प्रोटीन पावडरी विका. सगळीकडे पहिला धडा एकच असतो, 'घरापासून सुरुवात करा.' आमच्या एका मावसभावानं तर विम्याचं पहिलं टार्गेट स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत पूर्ण केलं होतं. पण मी ज्या ऑनलाइन दुकानाच्या अ‍ॅफिलिएट योजनेत शिरलो (नाव सांगत नाही, त्यांचं कायदा खातं मोठं आणि माझं बचत खातं लहान), त्यांच्या करारात स्वच्छ लिहिलं होतं: तुमच्या लिंकवरून तुम्ही स्वतः, तुमच्या घरच्यांनी, मित्रांनी किंवा नातलगांनी खरेदी केली, तर कमिशन शून्य.

माझी उभी हयात बँकेत गेली. तिथे केवायसी म्हणजे गिऱ्हाइकाची ओळख पटवून घ्यायची. इथे ओळख निघाली की गिऱ्हाईक बाद. ज्यांचा माझ्या शब्दावर विश्वास आहे त्यांचे पैसे चालणार नाहीत, आणि ज्यांचे चालतील त्यांना मी कोण हेच ठाऊक नाही.

ज्यांच्या घरात अजून कुणी या भानगडीत पडलेलं नाही अशा सुखी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दुकान आपल्याला एक खास लिंक देतं. ती आपण जगात सोडायची. तीवर बोट ठेवून कुणी काही विकत घेतलं की किमतीचा एक बारीकसा तुकडा आपल्याला. ॲमेझॉननं १९९६ साली हा प्रकार सुरू केला आणि २००० साली त्याचं अमेरिकेत चक्क पेटंटही मिळवलं. दुसऱ्याचं गिऱ्हाईक तिसऱ्याकडे नेऊन आपण मधले पैसे घ्यायचे, याचं पेटंट! आमच्या मार्केट यार्डातल्या अडत्यांना ही बातमी वेळेवर कळली असती तर आज जेफ बेझोस त्यांच्याकडे हिशेबाला असते.

तोटे मी पुढे सविस्तर सांगणार आहे, म्हणून फायदे आधी उरकतो. भांडवल लागत नाही, गोदाम लागत नाही, उधारी नाही, 'कुरिअर कुठे अडकलंय' म्हणून फोन नाहीत. झोपेतसुद्धा कमाई होते, असं म्हणतात. माझी झोप चांगली आहे.

आता मी तंजावरजवळच्या तिरुवैयारूत काय करतोय ते सांगायला हवं. बायकोचं माहेर इथलं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजे यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं, त्यांच्या मागोमाग जी मराठी घराणी इकडे उतरली त्यांपैकी हे एक. सासरे, म्हणजे अण्णा, अय्यारप्परच्या देवळामागच्या गल्लीत एकटेच राहायचे. मी व्हीआरएस घेतल्यावर आम्ही पुण्याचं घर भाड्यानं दिलं आणि इथे आलो. अण्णांची मराठी तंजावरी आहे. क्रियापदं घाटावरची, हेल कावेरीचा. त्यांच्या मते बिघडलेली मराठी माझी आहे. गल्लीला मात्र माझी भाषा, पेन्शन, पदवी कशाशीच कर्तव्य नाही. गल्लीच्या लेखी मी 'माप्पिळ्ळै', म्हणजे जावई, आणि या वयातही माझी ओळख तेवढीच.

लिंक सोडायला जागा हवी, म्हणून यूट्यूबवर तंजावरी मराठी स्वयंपाकाचं चॅनल काढलं. नायक अण्णा. पहिला भाग अर्थातच सांबाराचा. तंजावरच्या शाहूजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीला आमसूल संपलं, त्याऐवजी चिंच घातली, आणि संभाजीराजे पाहुणे होते म्हणून त्याचं सांबार झालं, ही तंजावरात सांगितली जाणारी आख्यायिका अण्णांनी अशी सांगितली की चिंच त्यांनीच काढून दिली असावी. इतिहासकार या गोष्टीला हसतात हे मी हळूच सांगितलं. अण्णा म्हणाले, "ते जेवायला आले होते का?"

सांबार केलं कल्चट्टीत. कल्चट्टी म्हणजे मऊ दगडातून कोरलेलं काळसर भांडं. विस्तवावरून उतरवल्यावरही आतलं सांबार बराच वेळ रटरटत राहतं. कॅमेऱ्यात ते फार सुंदर दिसलं. मी खाली लिंक दिली, आणि नियमाप्रमाणे कबुलीही दिली: 'या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळते.' ही कबुली द्यावीच लागते. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानंही जानेवारी २०२३ मध्ये जाहिरात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, की पैशाचा संबंध असेल तर तो लपवू नका. सूचना रास्त आहे. फक्त ती काढणाऱ्यांनी आमचा फॅमिली ग्रुप पाहिलेला नाही.

"म्हणजे तू आमच्यावर पैसे मिळवणार?" हा पहिला मेसेज चुलतभावाचा.

"अरे, तुम्हाला जास्त द्यावे लागत नाहीत. किंमत तीच राहते."

"मग तुला कोण देतं?"

"कंपनी देते."

"कंपनी कुठून देते?"

"त्यांच्या नफ्यातून."

"तो नफा आमच्याकडूनच ना? मग ते कमिशन मलाच दे. निदान अर्धं."

कमिशनचा वाटा गिऱ्हाइकाला देणं करारात बसत नाही, हे मी कलम क्रमांकासकट कळवलं. त्यावर त्यानं हात जोडलेला इमोजी पाठवला. तो नमस्कार होता की निरोप, ते अजून ठरलेलं नाही.

सांगलीच्या आत्यानं वेगळा मार्ग काढला. तिनं लिंक उघडून भांडं नीट पाहिलं, मापं वहीत उतरवली, आणि वही घेऊन ती बाजारात गेली. मेहुणी तर मदतीसाठी कंबर कसूनच बसली होती. लिंकवर नुसतं बोट लावलं की माझ्या खात्यात पैसे पडतात अशी तिची समजूत. ती सकाळी चहाबरोबर, दुपारी मालिकेच्या जाहिरातींत आणि रात्री झोपण्यापूर्वी मनोभावे क्लिक करत राहिली. महिनाअखेरीस माझ्या रिपोर्टात क्लिक शेकड्यांनी, खरेदी नाही, आणि सोबत कंपनीचा मेल: आपल्या लिंकवर असाधारण स्वरूपाची हालचाल आढळून आली आहे.

मी मेहुणीला फोन केला. ती म्हणाली, "भावोजी, आभार कसले मानता?"

दरम्यान परकी माणसंही येऊ लागली होती. कुठून येत होती देव जाणे, पण रिपोर्टात पहिली खरेदी दिसली तेव्हा मी अण्णांना झोपेतून उठवलं. आता या रिपोर्टाचं म्हणजे 'डॅशबोर्डा'चं थोडं सांगतो, कारण या सगळ्या धंद्यात खरी करमणूक तिथेच आहे. कुणी घेतलं ते कळत नाही. काय घेतलं ते कळतं. शिवाय लिंक एकदा दाबली की आमच्या योजनेत पुढचे २४ तास ते गिऱ्हाईक आपलं. त्या वेळात ते त्या दुकानातून जे काही घेईल त्यावर आपला वाटा. म्हणजे मी दाखवली कल्चट्टी, पण रिपोर्टात आलं: उंदराचा पिंजरा, पोट आत ओढणारा पट्टा, कुत्र्याची बिस्किटं, पुरुषांसाठी केसांचा काळा रंग, आणि 'आत्मविश्वासाने बोला' नावाची कसली तरी पट्टी, जी तोंडावर लावायची की मनाला ते वर्णनावरून समजेना. कल्चट्टी कुणीच घेतली नव्हती.

त्या रात्री आम्ही नवरा-बायको जेवणं आटोपून गुप्तहेर झालो.

"पट्टा नागपूरच्या वन्संनी घेतला असणार," बायको म्हणाली.

"नातलगांची खरेदी धरत नाहीत."

"त्यांना कुठे माहीत आहे वन्सं कोण ते?"

मुद्दा बिनतोड होता, आणि नियमभंगाचाही होता. मी ऐकलंच नाही असं केलं. पुढच्या आठवड्यात शेजारचे मामा सकाळी कावेरीवरून स्नान करून आले तेव्हा त्यांचे केस कोळशासारखे काळेभोर दिसत होते. मामींसमोर मी एक अक्षर काढलं नाही. पण त्या दिवसापासून मामा दिसले की माझ्या मनात नऊ रुपये ऐंशी पैसे उजळतात, आणि आदर वाटायच्या ऐवजी कृतज्ञता वाटते.

मग एकदा कल्चट्ट्याही विकल्या गेल्या. एकदम चार! अण्णांनी केशरी रंगाची अशोका आणवली. ही मुगाच्या डाळीची, तुपानं निथळणारी मिठाई या गावाचं दुसरं दैवत आहे. पानावरची अशोका संपून बोटांवरचं तूप चाटून होतं न होतं तोच आकडे मागे फिरू लागले. चारही परत. दगडाचं भांडं आणल्या आणल्या भडक आचेवर ठेवलं की तडकतं. आधी तेल-हळद लावून ठेवायचं, मग काही दिवस गरम पेज ओतून ते मुरवायचं, आणि मगच मंद विस्तव दाखवायचा. अण्णांनी हे व्हिडिओत नीट सांगितलं होतं, पण शेवटी, आणि आमचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. माल परत गेला की कमिशनही परत जातं. चार दिवसांपूर्वी जमा झालेला आकडा लाल होऊन वजा झाला. अशोकाचे पैसे मात्र कुणी परत घेतले नाहीत.

धंद्यातले जाणकार सांगतात की वस्तूवर लेख लिहावा, म्हणजे विश्वास बसतो. लिहिला. मिक्सरवर लिहिला. अडचण अशी की मी पुण्यात वाढलो. दोष सांगितल्याशिवाय वस्तूची ओळख करून देणं आमच्याकडे असभ्य समजतात. मी लिहिलं: 'आवाज जास्त आहे. झाकण घट्ट बसत नाही. चटणी बरी होते, पण ओलं खोबरं असेल तरच. किंमत वाजवीपेक्षा थोडी अधिक वाटते. तरी घ्यायचाच असेल तर आधी एखाद्या दुकानात जाऊन चालवून पाहावा.' त्याखाली लिंक. एका वाचकानं कळवलं, 'फार प्रामाणिक लेख. आपण सांगितल्याप्रमाणे दुकानात जाऊन पाहिला, तिथेच घेतला. धन्यवाद.'

बायकोनं तो लेख वाचला आणि विचारलं, "आपल्या लग्नाच्या वेळी तुमची माहिती तुम्हीच लिहून पाठवली होती का?"

जानेवारीत पौष वद्य पंचमी आली. कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची आराधना. कावेरीकाठी त्यांची समाधी आहे. गायिका बंगलोर नागरत्नम्मांनी स्वतःची मिळकत ओतून तिच्यावर देऊळ उभारलं. त्या दिवशी शेकडो गायक-वादक दोन्ही बाजूंनी मांडी घालून बसतात आणि एका सुरात पंचरत्न कीर्तनं गातात. आमची गल्ली पाहुण्यांनी ओसंडते. मला त्या गर्दीत परकी माणसं दिसली. शुद्ध, अनोळखी, करारात चपखल बसणारी परकी माणसं! आणि सगळ्यांना काही ना काही हवं होतं: बसायला गादी, पाठीला टेकू, डासांना औषध, शिकणाऱ्यांना इलेक्ट्रॉनिक श्रुतीपेटी. मी क्यूआर कोडची पत्रकं छापली, समाधीकडच्या रस्त्यावर वाटली, आणि या कल्पकतेबद्दल दर वाढवून मिळावा म्हणून पत्रकाचा फोटो कंपनीलाच पाठवला. उत्तर तातडीनं आलं. लिंक कागदावर छापायची नाही, ईमेलनं धाडायची नाही. पत्रकं ताबडतोब थांबवा, नाहीतर खातं बंद.

दिलेली पत्रकं मी परत गोळा करत हिंडलो. एका चेन्नईच्या बाईंनी पत्रकाची होडी करून नातवाला दिली होती. ती कावेरीत पोचली होती. करार नदीला लागू होतो की नाही ते मी विचारलं नाही.

अण्णा हे सगळं ओसरीवरून पाहत होते. त्यांनी जवळ बोलावलं.

"जावईबापू, सरफोजीराजांनी त्यागराजांना दरबारी बोलावलं होतं, ठाऊक आहे ना?"

"हो. धन देऊ केलं, आणि ते नाही म्हणाले."

"याच गावात नाही म्हणाले," अण्णा म्हणाले. परंपरा तशीच सांगते. धन सुखाचं की रामाचं सान्निध्य, हा सवाल करणारी त्यांची कल्याणीतली कृती त्याच प्रसंगाशी जोडतात. अण्णांना या गोष्टीचा दुहेरी अभिमान आहे: देणारा राजा आपला मराठी, आणि नाकारणारा आपल्या गल्लीपलीकडचा. "ते दारोदार भजन म्हणत भिक्षा घ्यायचे, पण राजाला नाही म्हणाले. तुम्ही उंदराच्या पिंजऱ्याला हो म्हणता."

"अण्णा, त्यांच्या भावाला विचारा," मी म्हणालो. घरी चालून आलेली लक्ष्मी नाकारली म्हणून भावानं चिडून पूजेतल्या मूर्तीच कावेरीत टाकल्या, हेही परंपराच सांगते. त्या भावाची बाजू आजवर कुणी गायलेली नाही. तिला कुणी चालही लावणार नाही, पण घर चालवणाऱ्या प्रत्येकाला ती पाठ असते.

अण्णा हसले. म्हणाले, "तो करार आणा पाहू इकडे. वाचतो."

अण्णा काही लेचेपेचे वाचक नव्हेत. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला आहे, १८०३ सालचा, भलामोठा. तरुणपणी त्यांनी तो उन्हात उभं राहून वाचलेला आहे. करारात मात्र ते चौथ्या पानावर थांबले.

"यात लिहिलंय, आम्ही हा करार केव्हाही बदलू शकतो."

"हो."

"मग बाकीचं कशाला वाचायचं? दगडावर कोरायला सांगा त्यांना. म्हणजे बदलताना हात दुखतील."

त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत सगळं जग घरी बसून मागवत असताना, ॲमेझॉननं अमेरिकेत कमिशनचे दर कापले: फर्निचरचा आठ टक्क्यांवरून तीनवर, किराण्याचा पाचावरून एकावर. ज्यांनी त्या भरवशावर नोकऱ्या सोडल्या असतील त्यांना तो मेल कसा वाटला असेल कुणास ठाऊक. आमच्या कंपनीचाही असाच एक मेल आला, विषय होता 'आपल्यासाठी आनंदाची बातमी'. मी दोनदा वाचला. आनंद नक्की कुणाचा, हे संदर्भानं लावून घ्यायचं होतं.

मग करसल्लागार. मी बँकेतला माणूस, उत्पन्न दडवणं रक्तात नाही. तंजावरच्या एका सीएंकडे गेलो.

"कमिशनवर टीडीएस कापतील का?" मी विचारलं.

"एक एप्रिल २०२५ पासून वर्षाला वीस हजारांच्या वर गेलं तर कापतात. तुमचं किती आहे?"

मी आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला. "महिन्याचं?"

"एकूण."

"सार," ते फार मायेनं म्हणाले, "हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवा. पण माझी फी कुणाला दाखवू नका."

एवढं सगळं होऊनही एक दिवस हजाराचा आकडा ओलांडला. आमच्याकडे हजार जमल्याशिवाय पैसे खात्यात पडत नाहीत, त्यामुळे तो दिवस घरात सणासारखा गेला. बायको म्हणाली, यात थोडे हजार घालून टेबलावरचा वेट ग्राइंडर घेऊ. अण्णांचा दगडी आट्टुक्कल फिरवून तिचा खांदा दुखतो. मी त्याच दुकानात ग्राइंडर शोधला, भारी कमिशनवाला निवडला, आणि तेव्हा करार आठवला. स्वतःच्या लिंकवरून घेता येत नाही. एवढं कमिशन हवेत सोडायचं म्हणजे जिवावर आलं.

शेजारच्या मामींनी वाट दाखवली. त्यांच्या भाच्याच्या मित्राच्या ओळखीतला कुणी मुलगा कोइमतूरला हेच करतो. नात्याचे इतके पदर मधे होते की करारातही तो परका ठरला असता. त्याच्या लिंकवरून घेतला. ग्राइंडर कोइमतूरचाच निघाला. त्या गावच्या ग्राइंडरला भौगोलिक मानांकन आहे. तिथून कुठल्याशा गोदामात जाऊन, निम्मं तमिळनाडू फिरून तो दारात आला. अण्णांनी बिल पाहिलं. "तंजावरात मिळतो की. बसनं बारा-तेरा किलोमीटर."

पहिलं पीठ लागलं. बायको खूष होती. अण्णा मात्र यंत्राकडे कान देऊन डोळे मिटून बसले. या गावात प्रेशर कुकरच्या शिट्टीलाही श्रुती असावी लागते.

"षड्ज उतरलाय याचा," ते म्हणाले. "परत करा."

"अण्णा, इडलीचा षड्जाशी काय संबंध?"

"रोज सकाळी ऐकायचंय मला. तुम्ही ऐका की नका ऐकू."

त्यांच्या हट्टापुढे बायकोचं काही चालत नाही, तिथे माझं काय. परतीचं पान उघडून कारण निवडायला बसलो. यादीत 'सदोष', 'चुकीची वस्तू', 'आता नको आहे' एवढंच होतं, बेसूर नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर, कोइमतूरचा कोवळा आवाज.

"सार, तुम्ही माझ्या लिंकवरून ग्राइंडर घेतलात ना? मामींनी सांगितलं. थँक्यू सार! चांगला आहे ना सार?"

"चांगला आहे," मी म्हणालो.

"सार, एक विनंती. परतीची मुदत संपेपर्यंत परत करू नका. माझे नऊशे नव्वद झालेत."